पालथ्या हाताचे सर

आमचे सर कुठल्याही वस्तूला आधी तळहात लावत नसत. चहाचा ग्लास असो, लेथची मोटर असो, की तापानं फणफणलेला एखादा विद्यार्थी. सर हात पालथा करत, बोटांची मागची बाजू हलकेच टेकवत आणि लगेच काढून घेत. त्यामुळे कॉलेजात त्यांचं नावच ‘पालथा हात’ पडलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी ते नाव पुटपुटलं, तेव्हा सर फळ्याकडं तोंड करूनच म्हणाले, “हात पालथा असला तर चालतंय रे. घडा पालथा असू नये.” आणि अर्धवट राहिलेलं समीकरण त्यांनी पुरं केलं.

असं का करता, म्हणून मी एकदा धीर करून विचारलं होतं.

“तळहात हावरा असतोय,” ते म्हणाले. “सापडंल ते धरून बसतोय. पालथा हात नुसता विचारतोय.”

मी त्यांच्याकडं संशोधन साहाय्यक म्हणून लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलाखतीला सरांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या होत्या, एक स्टीलची वाटी आणि एक लाकडी पोळपाट. पोळपाट घरून पिशवीत घालून आणला होता आणि तो संध्याकाळच्या आत परत पोचवायचा होता, हे मला नंतर कळलं.

“हात लाव. गार कुठलं?”

“वाटी, सर.”

त्यांनी दोन्हीला थर्मामीटर लावून दाखवला. आकडा एकच. “मग तुझा हात खोटं बोलला म्हणायचा?”

मी घाबरले होते, पण उत्तर आलं. “हात खोटं बोलला नाही सर. वाटीनं माझी ऊब भरभर ओढून घेतली. पोळपाट सावकाश घेतोय.”

सर हसले नाहीत. ते फारसे हसतच नसत. “गाव कुठलं?” त्यांनी विचारलं. मी चंदगड म्हणाले. “म्हणजे पावसातलीच हैस. ये सोमवारपासनं. फक्त ओल घेऊन येऊ नकोस, माझ्या कच्च्या फितींना ओल सोसत न्हाय.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘चंदगड’ झाले. माझं खरं नाव त्यांनी फक्त कागदावर लिहिलं.

वर्कशॉपमागं पत्र्याची एक लांबट शेड होती, ती सरांची प्रयोगशाळा. कोल्हापुरात टर्बाइनच्या पात्यांवर प्रयोग चालतात असं सांगितलं की बाहेरगावचे लोक आधी हसत आणि मग तांबड्या रश्श्याची चौकशी करत. पण प्रयोग चालत होते. शेडमध्ये एक मोठी टाकी होती. तिच्यात हवा दाबून भरायची, तापवायची आणि एक झडप एकदम उघडायची. तापलेला वारा पात्यांच्या ओळीतून सुसाट सुटायचा. सगळा खेळ सेकंदाच्या आत खलास. आवाज मात्र असा व्हायचा की कॅन्टीनवाले मामा तिकडून ओरडायचे, “शिंकलं बघा सरांचं यंत्र!”

त्या ओळीतल्या मधल्या पात्यात पांढऱ्या सिरॅमिकच्या सुट्या पट्ट्या बसवलेल्या होत्या आणि त्यांवर प्लॅटिनमच्या बारीक रेघा होत्या, केसाहूनही कितीतरी पातळ. पुस्तकात त्यांना थिन फिल्म सेन्सर म्हणतात. सर फीत म्हणायचे. फीत तापली की तिच्यातून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा वाढतो. तो किती भरभर वाढला यावरून पात्याच्या अंगात किती उष्णता शिरली, हे काढायचं. खऱ्या टर्बाइनमध्ये पात्याच्या पोटातून थंड हवा खेळवतात आणि ती बाहेर पडायला भोकं ठेवतात. भोकं कुठं आणि किती, ते आमच्यासारख्यांच्या आकड्यांवर ठरतं. आकडा कमी निघाला तर भोकं कमी पडतात, आणि भोकं कमी पडली तर पातं जळून तुटतं. वेगात फिरणारं पातं तुटलं की ते कुणाच्या अंगावर जाईल, ते सांगता येत नाही.

“गरम किती हाय ते थर्मामीटर बी सांगतोय,” सर म्हणायचे. “आत किती चाललंय ते सांग.” हे वाक्य ते यंत्राबद्दल म्हणायचे आणि माणसांबद्दलही. दोन प्राध्यापक भांडताना दिसले की सर माझ्या कानाशी म्हणायचे, “ह्यो नुसता गरम दिसतोय बघ. आत जातंय ते त्या दुसऱ्याच्या, जो गप्प बसलाय.”

प्रयोग सेकंदाच्या आत का संपवायचा, हे आम्हांला वर्गात कळेना, तेव्हा सर आम्हांला पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले. काहिलीत रस रटरटत होता. गुळव्यानं हात गार पाण्यात बुडवला, तसाच उकळत्या पाकात घातला, चिमूटभर पाक उचलला आणि परत पाण्यात. बोटांत त्या पाकाची गोळी झाली होती. आम्ही डोळे विस्फारून बघत राहिलो. सरांनी विचारलं, “गुरुजी, हात भाजत न्हाय?”

“भाजायच्या आत काढतो की,” गुळव्या म्हणाला.

सर आमच्याकडं वळले. “ऐकलं? पुस्तक झालं सगळं. पात्याच्या पाठीला उष्णतेची बातमी पोचायच्या आत मोजायचं. एकदा बातमी पाठीला पोचली की पुढचा हिशोब चुकला.” परतताना बसमध्ये त्यांनी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. स्वतः खाल्ला नाही, त्यांना साखरेचा त्रास तेव्हाच सुरू झाला होता.

फिती सर स्वतः रंगवायचे. कपबशांच्या काठावर चकाकणारी पट्टी ज्या द्रवानं काढतात, त्याच जातीचा प्लॅटिनमचा द्रव बाटलीतून यायचा. खारीच्या केसांचा ब्रश, डोळ्याला भिंग आणि श्वास रोखलेला. मग भट्टी. त्यांचे वडील पेंटर होते. मंगळवार पेठेतल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे नंबर त्यांच्या हातचे. सर लहानपणी त्यांच्या हाताखाली ब्रश धुवायला बसत. त्यामुळे फितीशेजारी नंबर घालायचा तोही सर ब्रशनं आणि मराठीत घालायचे, वडिलांच्या वळणाचा. त्यांचा पाच बघत राहावा असा होता. चार मात्र घोटीव, डोकं मिटलेला. वडिलांचा म्हणे तसाच होता.

शेडमध्ये धुळीचा एक कण चालायचा नाही. ओली फीत आणि त्यावर धूळ, म्हणजे चार दिवसांचं काम फुकट. म्हणून सरांचं एक वाक्य दिवसातून पन्नासदा ऐकू यायचं: “दार लाव, धूळ येतीया.” प्राचार्य आले तरी “नमस्कार”च्या आधी “दार लावा”. जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या माणसाला दोन दिवस आत प्रवेश नसे. केसांतला गुलाल कितीही धुतला तरी झडत राहतो. एकदा कॅन्टीनवाले मामा प्रसादाचं खोबरं द्यायला आले, तर सरांनी ते खिडकीच्या फटीतून घेतलं. “देव दयाळू हाय मामा,” ते म्हणाले, “गुलाल न्हाय.” मामा महिनाभर ही गोष्ट सगळ्यांना सांगत होते.

हातानं रंगवलेल्या दोन फिती सारख्या होत नाहीत. म्हणून भट्टीत पक्की झालेली प्रत्येक फीत आधी पाण्यात बुडवायची, पाणी हळूहळू तापवायचं आणि ती किती तापल्यावर किती अडथळा दाखवते, ते लिहून काढायचं. याला सर ‘स्वभाव काढणं’ म्हणायचे. त्या आकड्यांची एक जाड वही होती, ती ‘स्वभाववही’. स्वभाव एकदा काढला की जग थांबतं. सर थांबत नसत. प्रयोग झाल्यावर ते सगळ्या फिती पुन्हा पाण्यात घालत आणि पुन्हा स्वभाव काढत. बाकीचे प्राध्यापक म्हणत, म्हाताऱ्याला वेळ जात नाही.

“झळ लागल्यावर तीच राहिली का, बघाय नको?” सर मला म्हणाले होते. “माणसाचं बी तसंच हाय. आधी समदी चांगली असत्यात.”

हे वाक्य मला फार नंतर लागलं.

माझ्या तिसऱ्या वर्षी पुण्याची एक कंपनी आमच्याकडं आली. वीज तयार करणारं छोटं टर्बाइन त्यांना बनवायचं होतं. पात्याच्या नाकावर, म्हणजे तापलेला वारा जिथं पहिल्यांदा आदळतो त्या कडेवर, थंड हवेच्या भोकांची एक जादा ओळ ठेवायची की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. सरांच्या शेडला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. काम नीट झालं तर शेडचं पक्कं बांधकाम करू, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं. आणि त्याच कंपनीनं मला नोकरीसाठी बोलावलं होतं. मुलाखत झाली होती. अहवालाबद्दलच्या बैठकीनंतर पत्र देतो, असं ते म्हणाले होते. चंदगडला आईनं ही गोष्ट काजूच्या बागेपासून एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती.

बारा फिती होत्या. स्वभाववहीतले आकडे संगणकात भरायचं काम माझं. सकाळपासून मी इंग्रजी आकडेच टाइप करत होते, डोळे त्यांच्यावर बसलेले. वहीत सरांचा तो डोकं मिटलेला ४ आला आणि मी तो 8 वाचला. चारचा स्वभाव आठच्या घरात गेला. पुढं खरा ८ आला, तो मी बरोबर वाचला आणि आठचं घर दुरुस्त होऊन गेलं. चारचं घर मात्र तसंच राहिलं. तिथं आधीच्या प्रयोगातल्या जुन्या फितीचा आकडा पडून होता. बारा घरं भरलेली दिसत होती, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आणि चार नंबरची फीत होती पात्याच्या नेमक्या नाकावर.

अहवाल सोमवारी सकाळी गेला. खाली सरांची सही होती. नाकावर उष्णता बेताची आहे, भोकांची जादा ओळ नको, असा त्याचा अर्थ होता.

मंगळवारी दुपारी फायली आवरताना मला चूक सापडली. हिशोब पुन्हा केला तर नाकावरचा आकडा जवळजवळ दीडपट निघाला. मी वहीत त्या चारशेजारी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह केलं. मग ते खोडलं. मग वही मिटली.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. मंगळवारी म्हटलं, उद्या सांगू, आज सर दमलेत. बुधवारी आईचा फोन आला, पत्र आलं का म्हणून. गुरुवारी मी स्वतःला समजावलं की कंपनीही आपला हिशोब करतच असेल. शुक्रवारी मी डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी गेले. त्या दिवसांत मी सरांच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी विचारलं तर सांगेन, असं मी मनाशी धरून बसले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. ते आपले ब्रश धूत होते, वाळवत होते. एक गोष्ट तेवढी मला विचित्र वाटली. शेडचं दार उघडं असायचं. मी लावायला जायची, तर सर म्हणायचे, “असू दे.” कॅन्टीनची मांजर एकदा आतपर्यंत येऊन गेली तरी ते बोलले नाहीत. सर थकत चालले, विसरायला लागले, असं मला वाटलं.

शनिवारी अकराच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात चार नंबरची पट्टी होती.

“चंदगड, ह्यो आकडा वाच.”

“चार, सर.”

“संगणकात भरताना आठ झालाय.”

आणि मी दचकल्याचं सोंग केलं. “अगं बाई! कसं काय झालं सर?” असं तोंडानं म्हणाले, कपाळाला हातसुद्धा लावला. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण त्या एका वाक्याची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

सरांनी हात पालथा करून ती पट्टी चाचपली आणि खाली ठेवली. “कागद दे,” एवढंच म्हणाले. कंपनीला पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि लगेच फॅक्सनं धाडलं. अहवाल मागे घेत आहे, नाकावर उष्णता सांगितली त्याहून पुष्कळ जास्त आहे, भोकांची ओळ ठेवल्याशिवाय पात्यांचा साचा ओतू नये. आणि शेवटी लिहिलं: ‘आकडा लिहिणाऱ्याने तो अशा वळणाने लिहिला की वाचणाऱ्याला दुसराच दिसला. दोष लिहिणाऱ्याचा आहे.’ माझं नाव कुठंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे दोन साहेब आले. प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. मीही होते, भिंतीला टेकून उभी. एक साहेब म्हणाले, “हाताने रंगवलेले सेन्सर, मराठीत नंबर! ही प्रयोगशाळा आहे की साइनबोर्डाचं दुकान?”

सर शांतपणे म्हणाले, “दुकान वडिलांचं होतं. पाटी चुकली तर ते पुसून पुन्हा लिहून द्यायचे. मीही तेच केलं.”

मी बोलले नाही. एक वाक्य पुरलं असतं.

कंपनीनं पुढचं काम दुसरीकडं दिलं. पक्कं बांधकाम राहिलं बाजूला, वर्षभरात शेड रिकामी करून तिथं दुचाकी लावायची सोय झाली. जाण्यायेण्याला अडचण नको म्हणून दार काढून टाकलं. सरांनी निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं नुसते वर्ग घेतले. आणि मला नोकरीचं पत्र आलं. माझ्यावर कसलाच डाग नव्हता ना!

पुण्यात सुरुवातीला माझ्या ‘मी येतो, मी करतो’ला लोक हसले. कोल्हापूरकडं आम्ही बायकाही असंच बोलतो, हे त्यांना पटेना. मग त्यांची सवय झाली आणि माझी मोडली. आज त्या विभागाची मी प्रमुख आहे. आता फिती यंत्रावर बनतात, बारा काय, शेकड्यांनी. त्यांचे नंबर संगणक स्वतः वाचतो. तरी प्रयोग झाल्यावर मी प्रत्येक फीत पुन्हा पाण्यात घालायला लावते आणि पोरं माझ्यामागं म्हणतात, मॅडमना वेळ जात नाही.

सरांना मी अधूनमधून भेटत राहिले. फराळ घेऊन जायची, पाया पडायची, तब्येतीचं विचारायची. ती एक गोष्ट सोडून सगळं बोलायची.

गेल्या महिन्यात आमच्याकडची एक इंजिनिअर माझ्या टेबलाशी आली. तासाभरापूर्वीच तिच्या हातून एक चुकीचा आकडा पुढं गेला होता. “मॅडम, माझं चुकलं,” ती म्हणाली. पाच मिनिटांत दुरुस्ती झाली. तिला मी शाबासकी दिली आणि ती गेल्यावर मला बसवेना. जे तिला एका तासात जमलं, ते मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. त्या शनिवारी मी कोल्हापूरची बस धरली. निघण्यापूर्वी सरांच्या घरी काकूंना फोन केला की सरांशी थोडं बोलायचंय.

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं. काकू आतूनच म्हणाल्या, “ये गं, ये. तू येणार म्हटल्यापासनं दार लावू देईनात बघ. सगळा रस्ता घरात आलाय. दोनदा झाडलो मी.”

सर खुर्चीत बसले होते. वाळले होते फार. साखरेनं त्यांच्या हातापायांतली संवेदना नेली होती. काकूंनी चहा आणला. सरांनी सवयीनं हात पालथा केला, ग्लासाला टेकवला आणि तो तिथंच राहिला. काकूंनी घाईनं ग्लास बाजूला घेतला. त्या हाताच्या मागच्या बाजूला भाजल्याचे जुने नवे डाग होते.

“कळतच न्हाय आता यांना,” काकू म्हणाल्या. “आंघोळीचं पाणी बी मीच बघतो.” आणि त्या आत गेल्या.

“गरम हाय?” सरांनी मला विचारलं.

मी हात पालथा करून ग्लासाला लावला. “आहे सर. थांबा जरा.”

“बघ,” ते म्हणाले, “मोजणाऱ्याचीच फीत गेली.”

मी बांधून आणलेली वाक्यं त्याच वेळी विसरले. आणि इतक्या वर्षांची मोडलेली बोली आपोआप तोंडात आली. “सर, मी तुमच्याशी खोटं वागलो. त्या चार नंबरचं मला आधीच ठाऊक होतं. शनिवारी नव्हे, मंगळवारीच सापडलं होतं. मी दाबून ठेवलो. तुम्ही विचारलात तेव्हा सोंग केलो. तुमची शेड माझ्यामुळं गेली.”

बाहेरून एक रिक्षा गेली. मग सर म्हणाले, “व्हय.”

“तुम्हांला माहीत होतं?”

“फिती सोमवारी दुपारीच पाण्यात घातलत्या की. मंगळवारी सकाळी वही आन् संगणक ताडून बघितलो, तवा कळालं. म्हटलं, पोरगी हुशार हाय, आज न्हाईतर उद्या तिला बी सापडंल. बुधवारी वहीत खोडलेलं प्रश्नचिन्ह दिसलं. म्हटलं, सापडलं.”

“मग विचारलं का नाही, सर?”

“विचारल्यावर कोण बी सांगतंय.”

सर खाली बघून, सावकाश, जणू काल घडल्यासारखं सांगत होते. “साचा कवा ओतणार ते फोन करून विचारून घेतलंतं मी. पुढच्या सोमवारी, म्हणाले. म्हणजे शनिवारपतोर थांबायला जागा होती. थांबलो. तुला आत यायला जड जाऊ नये म्हणून दार तेवढं उघडं ठेवलंतं.”

तेव्हा मला ते दार आठवलं. ती मांजर, ते “असू दे”. धुळीच्या एका कणासाठी प्राचार्यांना अडवणारा हा माणूस चार दिवस धुळीत बसून माझी वाट बघत होता, आणि मी त्याला म्हातारचळ लागलाय असं समजले होते. मी रडायला लागले. लपवायचं काही उरलं नव्हतं. मी त्यांचे पाय धरले. त्या पायांना माझा हात कळला की नाही, मला माहीत नाही.

सरांनी मला रडू दिलं. नंतर दाराकडं बघून ते म्हणाले, “आलीस न्हवं? झालं तर मग. आता दार लाव, धूळ येतीया.”

मी उठले आणि दार लावलं.